चंद्र शिकवताना वर्गात ईद-गणपतीवरून भांडण झालं, पुढचा तास कसा घेऊ?

कुर्ल्याचा_मास्तर

मंडळी, मी कुर्ल्याला एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो, शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वर्ग अगदी कुर्ल्यासारखाच आहे, नेहरूनगरची मुलं आहेत, कुरेशीनगरची आहेत, ख्रिश्चन गावातली आहेत, बुद्धविहाराजवळच्या चाळीतली आहेत, सगळी एकाच बाकावर बसतात आणि एकमेकांचे डबे खातात.

चंद्रकलांचा धडा चालू होता, फळ्यावर सूर्य-पृथ्वी-चंद्र काढून अमावस्या समजावत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, सर मग ह्यांची ईद दरवर्षी सरकते कशी, म्हणजे ह्यांचं कॅलेंडर चुकीचं आहे ना? पुढच्या बाकावरची मुलगी गर्रकन वळली, म्हणाली, आणि तुमचे गणपती कधी ऑगस्टला कधी सप्टेंबरला येतात ते काय बरोबर आहे का? आधी सगळे हसले, मग आवाज चढले, मग कोणीतरी ग्रहणाचा विषय काढला की ग्रहणात बाहेर पडलं तर काय काय होतं, त्यावर तिसरा म्हणाला हे सगळं अंधश्रद्धाच आहे, देव पण. त्या मुलीच्या डोळ्यात पाणी आलं आणि बेल वाजली.

रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं की विज्ञानाच्या तासाला धर्म आणू नका. दुसऱ्याने लांबलचक फॉरवर्ड टाकला, हे सगळे शोध आमच्या ग्रंथांत हजारो वर्षांपूर्वीच लिहिलेत. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या धर्माच्या पालकांनी अगदी तसाच फॉरवर्ड टाकला, फक्त ग्रंथ वेगळा.

मी स्वतः संकष्टी करतो, चंद्रोदय झाला की मगच जेवतो, आणि चंद्र हा खडकाचा गोळा आहे हे मला पक्कं माहीत आहे, मला ह्या दोन्हींत कधी अडचण वाटलेली नाही. पण हे मुलांसमोर मांडायचं कसं? विषय टाळायचा नाहीये मला, कारण मी टाळला तर उत्तर ते फॉरवर्ड देणार. कोणाच्या घरचा अपमान नको आणि विज्ञानात तडजोडही नको. वेगवेगळ्या घरच्या लोकांनी लिहिलं तर जास्त मदत होईल.

---

आकाशवेडा_सायन

मास्तर, तुमच्या त्या दोघांनी मिळून कालगणनेतला सगळ्यात अवघड प्रश्न विचारलाय. पुढचा अख्खा तास ह्याच्यावरच घ्या.

गणित असं आहे. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि थोडं वर. ऋतूंचं वर्ष मात्र ३६५.२४ दिवसांचं. दरवर्षी जवळजवळ ११ दिवसांचा फरक पडतो. ह्या ११ दिवसांचं करायचं काय, हा प्रश्न चंद्रावर महिने मोजणाऱ्या प्रत्येक समाजाला पडलाय आणि प्रत्येकाने आपापलं उत्तर काढलंय.

आपलं पंचांग ते दिवस साठू देतं आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालतं. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, एवढाच नियम. २०२३ ला अधिक श्रावण, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. ज्यू लोक १९ वर्षांत ७ महिने वाढवतात, आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायल मंडळींचे सण ह्याच हिशोबाने येतात. इस्लामी कॅलेंडर ठरवून अधिक महिना घेत नाही, म्हणून रमझान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण ३३ वर्षांनी फेरी पूर्ण होते. १९९७ मध्ये रमझान जानेवारीत सुरू झाला आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा सुरू झाला, एकाच इंग्रजी वर्षात दोनदा, आणि तेच २०३० मध्ये होणार आहे. पारशांनी तर चंद्र घेतलाच नाही, ३० दिवसांचे १२ महिने आणि वर ५ गाथांचे दिवस, झाले ३६५, पण शहेनशाही पंचांगात लीपचा दिवस नाही म्हणून त्यांचं नववर्ष मागे सरकत सरकत आता ऑगस्टमध्ये येतं.

आता मुंबईचं उदाहरण द्या, मुलांना लगेच पटेल. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. २०२४ ला एका दिवसाच्या अंतराने, २०२५ लाही तसंच. असं ओळीने तीन वर्षं का झालं? मिलाद रबीउल अव्वलच्या १२ तारखेला असते, त्यांचा महिना कोर दिसल्यावर सुरू होतो, आपली प्रतिपदा अमावस्या संपली की लगेच, त्यामुळे त्यांची १२ आपल्या तेरस-चौदसच्या आसपास पडते. दोन्ही चांद्रमहिने, त्यामुळे अधिक महिना मध्ये येईपर्यंत दोन्ही सण दरवर्षी बरोबरीने ११ दिवस मागे सरकतात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आला की जोडी सुटते, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर आणि मिलाद ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे "तुमची सरकते" आणि "तुमचे पण सरकतात" ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, मुलांना फक्त कशी सरकते ते माहीत नव्हतं.

आणि त्या तिन्ही वर्षी मुंबईतला मिलादचा जुलूस विसर्जनासाठी पुढे ढकलला होता, २०२३ ला २९ तारखेला, २०२४ ला १८ ला, २०२५ ला ८ ला. सण एकत्र येणं हे गणित, जुलूस पुढे नेणं हे माणसांनी बसून ठरवलेलं. दोन्ही गोष्टी एकाच तासात सांगा.

---

माहीमची_लेक

सर, मी माहीमला राहते, मूळ आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, घरात मराठीच बोलतो. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीसाठी लिहितेय.

आमच्याकडे २९ व्या रोज्याला मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या आधी बिल्डिंगची अर्धी माणसं गच्चीवर असतात. माझा भाऊ फोनवर ॲप उघडून सांगतो, चंद्र त्या टॉवरच्या डावीकडे, इतक्या अंशावर, इतकी मिनिटं राहणार. अब्बा चष्मा पुसून बरोबर तिकडेच बघतात. मी लहानपणापासून बघतेय, ह्या दोघांचं कधी वाजलं नाही, कुठे बघायचं ते ॲप सांगतं आणि बघायचं ते अब्बांनी. दिसला नाही तर महिना ३० चा धरायचा हा हुकूम आहेच, ढग असोत की धूर असो, वाद घालायला जागाच नाही. मला तर हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, माहिती अपुरी असेल तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलंय.

आणि हे पण सांगा की चंद्र बघायचा की मोजायचा हा वाद आमच्या आमच्यातही आहे. भेंडीबाजारातले दाऊदी बोहरी फातिमी काळापासून गणिताचं कॅलेंडर वापरतात, ३० वर्षांत ११ वेळा एक दिवस वाढवायचा, आधीपासून सगळं ठरलेलं. त्यामुळे त्यांची ईद बहुतेक वेळा आमच्या एक-दोन दिवस आधी. आम्ही रोज्यात असतो आणि माझ्या बोहरी मैत्रिणीकडे मिठाई वाटून झालेली असते. कोणी कोणाला चुकीचं म्हणत नाही, निदान आमच्या ओळखीत तरी नाही.

आता ग्रहणाचं. मी गरोदर होते तेव्हा ग्रहणात सुरी-कात्री धरू नको, हे माझ्या सासूनेही सांगितलं आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींनीही, दोघींचा धर्म वेगळा पण भीती अगदी एकच. म्हणजे ही भीती कोणा एका धर्माची नाही, हे मुलांना नक्की सांगा, नाहीतर ती एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. आमच्याकडे एक हदीस सगळ्यांना माहीत असते. पैगंबरांचा छोटा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं, लोक म्हणायला लागले की त्याच्या मरणामुळेच लागलं. तेव्हा पैगंबरांनी स्वतः सांगितलं की सूर्य आणि चंद्राला कोणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही, त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत, तुम्ही नमाज पढा. स्वतःचं मूल गेलेलं असताना एवढं स्पष्ट सांगणं, मला ते वाचून दरवेळी भरून येतं. ग्रहणाची नमाज आम्ही आजही पढतो, आणि त्याचबरोबर सावली कशी पडते ते मी माझ्या मुलाला संत्रं आणि टॉर्च घेऊन दाखवते.

---

विवेक_परळ

बरंच काही चांगलं आलंय वर, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

ताई, तुम्ही दिलेली गोष्ट मनाला भिडली, खरंच. पण वर्गात "आमच्या धर्मातही असंच सांगितलंय" हा पुरावा म्हणून आला की संपलं. आज ही हदीस ग्रहणाच्या बाजूने, उद्या दुसरा कोणी दुसरं वचन काढेल जे विज्ञानाच्या उलट आहे, मग काय करणार? ग्रहण सावलीमुळे लागतं कारण ते मोजता येतं, आधी सांगता येतं, आणि सांगितलेल्या मिनिटाला लागतं. कोणी मोठ्या माणसाने मान्य केलं म्हणून नाही. हा फरक आठवीच्या मुलाला समजलाच पाहिजे.

त्या पालकांना सांगा की राज्यघटनेच्या ५१ अ कलमात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेली. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे कर्तव्य आहे, आणि त्याच यादीत धर्म-भाषा-प्रदेश ह्यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव जोपासणं हेही आहे. म्हणजे तुम्ही जे करू बघताय त्यातली दोन्ही कामं घटनेनेच सांगितलीत, विषय टाळायचं कारणच नाही.

माझ्या मते आदर माणसाचा करायचा, दावा मात्र तपासायचा, मग तो कोणाच्याही घरचा असो. आणि तपासणी मुलांनी करायची. डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती, त्यात ज्योतिष्यांना पत्रिका दिल्या आणि ओळखायला सांगितलं की ही हुशार मुलाची की मतिमंद मुलाची. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर आली, नाणं उडवून ५० टक्के येतात. बघा, ह्यात कोणाला शिवी नाही, कोणाची टिंगल नाही, फक्त मोजलंय. मुलांना ही पद्धत द्या.

आणि मास्तर, तुम्ही संकष्टी करता हे वर्गात सांगू नका असं मला वाटतं, शिक्षकाचं वजन असतं.

---

माहीमची_लेक

विवेकभाऊ, राग नाही. पुरावा म्हणून मी लिहिलंच नव्हतं ते. सावलीचा पुरावा संत्रं आणि टॉर्च, हे मीही मानते. पण ज्या मुलीला वर्गात रडू आलं तिला वाटतंय की विज्ञान शिकायचं म्हणजे घर सोडायचं. तिला एवढं कळलं की तिच्या घरातच कोणीतरी चौदाशे वर्षांपूर्वी ह्या भीतीला नाही म्हटलंय, तर ती तुमचं विज्ञान मोकळ्या मनाने ऐकेल. पुरावा वेगळा आणि धीर वेगळा, तिला दोन्ही लागणार.

---

नीलम_चेंबूर

माझा मुलगा पण आठवीतच आहे म्हणून लिहितेय. फॉरवर्डवाल्या पालकांशी ग्रुपवर वाद घालू नका, तिथे कोणी माघार घेत नाही. त्यापेक्षा मुलांना गृहपाठ द्या, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून या की तुमच्या लहानपणी सणाची तारीख कशी कळायची. माझ्या सासूबाईंच्या गावाला भटजी येऊन सांगून जायचे. प्रत्येक घरातून काहीतरी वेगळं येईल आणि आजी-आजोबा खूश होतात ते वेगळंच.

---

गोराईकर

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, गोराईचे. ईस्टरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तोही चंद्रावरच आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर. चर्चचा हा हिशोब ठरावीक कोष्टकांवरून होतो. म्हणून गुड फ्रायडे आमचा पण सरकतो, वर्गातल्या ख्रिस्ती मुलांना विचारा, त्यांना सांगता येईल बहुतेक.

आणि आज आपण सगळे जे इंग्रजी कॅलेंडर वापरतो तेही ह्या ईस्टरच्याच काळजीतून दुरुस्त झालं. जुन्या ज्युलियन वर्षात थोडा फरक होता, तो शतकानुशतकं साठून वसंतातला समदिन, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस, १० दिवस मागे गेला होता. १५८२ ला पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी ते १० दिवस गाळले, ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर. त्या कामात क्लाव्हियस नावाचा जेझुइट पाद्री होता, गणितज्ञ. म्हणजे उपासनेचा दिवस चुकू नये म्हणून आकाश मोजलं गेलं.

पण मला खरं सांगायचंय ते जॉर्ज लमेत्र ह्यांचं, कारण तुमच्या फॉरवर्डवाल्यांना ह्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. हे बेल्जियमचे कॅथलिक पाद्री आणि पदार्थवैज्ञानिक, विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं आणि पुढे ज्याला बिग बँग म्हणतात ती कल्पना १९३१ मध्ये त्यांनीच आणली. १९५१ ला पोप बारावे पायस ह्यांनी भाषणात असा सूर लावला की विज्ञानाने आता सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा दिलाय. कोणीही म्हणेल की पाद्री खूश झाले असतील. ते अस्वस्थ झाले. माझा सिद्धांत धर्माच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही, तो तपासायचा विषय आहे, अशी त्यांची भूमिका होती, आणि त्यांनी रोमपर्यंत ती पोचवली. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. रोज मिस्सा करणारा माणूस म्हणतो की माझ्या विज्ञानाने माझा देव सिद्ध करू नका, ह्यातली श्रद्धा मला फार खोल वाटते. उद्या सिद्धांत बदलला तर देवाचं काय करणार? त्यापेक्षा दोन्ही आपापल्या जागी राहू देत.

---

दादरकर_काका

गोराईकर, उत्तम लिहिलंत. मी थोडं आपल्याकडचं जोडतो.

आपलं पंचांग म्हणजे ऋषींनी दिलं आणि तसंच राहिलं असा समज आहे, तसं नाहीये. महाराष्ट्रात बराच काळ पंचांगं ग्रहलाघवावरून व्हायची, ते गणेश दैवज्ञांनी १५२० ला लिहिलं, मुरूडजवळच्या नांदगावचे ते, म्हणजे आपल्या कोकणातलेच. शे-दीडशे वर्षांत काही होत नाही, पण पुढे पुढे त्या गणिताचा आणि प्रत्यक्ष आकाशाचा मेळ बसेना. मग केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ च्या सुमाराला काय केलं, तर इंग्रजांच्या नाविक पंचांगातून ग्रहांची अचूक स्थानं घेतली आणि त्यावरून आपलं पंचांग केलं, तेच पटवर्धनी पंचांग. पुढे लोकमान्य टिळकांनीही हाच आग्रह धरला, पंचांगात लिहिलेलं आकाशात दिसलं पाहिजे. ह्यातला एकही माणूस धर्म बुडवायला निघाला नव्हता. व्रत योग्य दिवशी व्हावं म्हणूनच ही धडपड होती. आणि वाद मिटलाही नाही, टिळक पंचांग मानणाऱ्या कोकणातल्या काही घरांत काही वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतात. एकाच आळीत दोन महिन्यांत गणपती, आणि दोन्हीकडच्या आरतीला तीच माणसं. ज्या मुलाला ईद सरकते म्हणून चुकीची वाटली त्याला हे जरूर सांगा.

विवेकराव, तुमचा आणि ताईंचा जो मुद्दा चालू आहे तो हजार वर्षं जुना आहे. अल्-बिरुनी हा मध्य आशियातला मुसलमान विद्वान अकराव्या शतकात इथे येऊन संस्कृत शिकला, इथल्या ज्योतिषगणिताचा अभ्यास केला. त्याला आपल्या जुन्या गणितज्ञ ब्रह्मगुप्ताबद्दल अतोनात आदर होता, पण एका ठिकाणी तो त्याच्यावर चिडलाय. ब्रह्मगुप्ताला ग्रहण सावलीने होतं हे नीट ठाऊक होतं, ते गणित त्याच्याच ग्रंथात आहे, तरी लोकांच्या समजुतीखातर तो राहूची बाजू घेतो आणि आर्यभटाच्या मार्गाने जाणाऱ्यांना बोल लावतो. अल्-बिरुनी म्हणतो हे त्याने मनाविरुद्ध लिहिलं असणार, आणि सॉक्रेटिसाची आठवण काढतो, म्हणजे खरं बोलणाऱ्याचं काय होतं ते त्याला समजत होतं. मला हे पान फार आवडतं. परक्या धर्माचा माणूस, आधी भाषा शिकला, ग्रंथ वाचले, इथल्या लोकांचा मोठेपणा मान्य केला, आणि मग जिथे पटलं नाही तिथे तोंडावर सांगितलं. टीका करायची तर इतकी तयारी करून करावी.

म्हणून मास्तर, ब्रह्मगुप्तासारखी अडचण तुमच्यावर येऊ देऊ नका. राहू-केतूची गोष्ट गोष्ट म्हणून सांगा, सावली सावली म्हणून सांगा, आणि संकष्टीचं मुलांनी विचारलं तर खरं सांगा. लपवलंत तर मुलांना वाटेल की श्रद्धा म्हणजे लपवायची गोष्ट.

---

विवेक_परळ

काका, संकष्टीबद्दल माझं मत अजूनही तेच आहे, शिक्षकाने आपणहून सांगू नये. विचारलं तर खोटं बोलू नये, एवढं मान्य. लमेत्रबद्दलचं मला माहीत नव्हतं, वाचतो.

---

कुर्ल्याचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काय करणार ते लिहितो, काही सुचलं तर सांगा.

पुढचा तास ११ दिवसांवर. फळ्यावर फक्त ३५४ आणि ३६५ लिहिणार आणि मुलांनाच विचारणार की तुम्ही राजा असता तर ह्या ११ दिवसांचं काय केलं असतं. गट मुद्दाम मिसळून पाडणार. त्यांचे नियम आले की मगच कोणत्या समाजाने काय केलं ते सांगणार, मला वाटतं त्यांच्यातूनच अधिक महिना पण निघेल आणि फिरता सण पण निघेल. नीलमताईंचा गृहपाठ त्याच दिवशी.

मग महिनाभर चंद्राची वही. रोज एकाच वेळी बघायचा, आकार काढायचा, किती उंचीवर होता ते मुठीने मोजायचं. कालनिर्णयमध्ये शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेच्या आसपास "चंद्रदर्शन" छापलेलं असतं, त्या संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर ज्यांना जमेल त्यांनी पालकांबरोबर यायचं. ही तीच कोर जिची माहीमच्या ताईंचे अब्बा वाट बघतात. मुख्याध्यापिका बाईंशी बोललो, त्या म्हणाल्या पालकांची लेखी परवानगी घ्या आणि पाण्याच्या टाकीकडे कोणी जाणार नाही ह्याची जबाबदारी तुमची.

ग्रंथात आधीच लिहिलंय वाल्या फॉरवर्डला मी ग्रुपवर उत्तर देणार नाही, मुलांना लमेत्र सांगणार. आणि त्या मुलीशी वेगळं बोलणार आहे, हदीस तिला बहुधा माहीत असेल, तिनेच वर्गाला सांगितली तर जास्त बरं. अर्थात तिची इच्छा असेल तरच.

एक प्रश्न राहिला. अमावस्या सेकंदापर्यंत सांगता येते तर कोर कधी दिसेल ते का नाही, हे मुलं विचारणारच. आणि कुर्ल्यातून पश्चिमेला सगळे टॉवर आहेत, कोर दिसेल का?

---

आकाशवेडा_सायन

अमावस्या म्हणजे सूर्य-चंद्र एका रेषेत येण्याचा क्षण, तिथे फक्त गती लागते, ती आपल्याला उत्तम माहीत आहे. कोर दिसायला त्याशिवाय हवा आणि डोळे लागतात. चंद्र सूर्यापासून साधारण ७ अंशांच्या आत असेल तर कोर दिसतच नाही, दांजों ह्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने ही मर्यादा ओळखतात. नुसत्या डोळ्यांना १०-१२ अंश तरी हवेत, त्यात आपल्याकडे धूळ आणि समुद्रावरची वाफ. चंद्र सूर्यापासून तासाला जवळपास अर्धा अंश लांब जातो. सौदीत सूर्य आपल्यानंतर दोन-अडीच तासांनी मावळतो, तेवढ्यात चंद्र अंशभर आणखी लांब गेलेला असतो, म्हणून तिकडे आदल्या दिवशी दिसणं शक्य असतं. हे मुलांना मोजायला द्या, ईद एक दिवस आधी का हे त्यांचं त्यांनाच निघेल.

कुर्ल्यातून पहिल्या दिवसाची कोर अवघड आहे, ती क्षितिजाला चिकटून असते आणि थोड्याच वेळात मावळते. दुसऱ्या संध्याकाळची गच्चीवरून आरामात दिसेल, चंद्र रोज साधारण १२ अंश पुढे जातो. पहिलीच बघायची हौस असेल तर दादर चौपाटी किंवा वांद्र्याचं बँडस्टँड, समोर उघडा समुद्र मिळतो. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण कोणाच्या हातात देऊ नका, ह्या बाबतीत अजिबात ढिलाई नको. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, लहान मुलांची मूठ लहान तसा हातही आखूड असतो त्यामुळे त्यांनाही चालतं. पावसाळ्यात हा प्रकल्प घेऊ नका, नोव्हेंबर ते मार्च बरा.

आणखी एक, ग्रहणाचं पुढे घ्यायचं असेल तर २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा स्पेन, इजिप्त करत मक्केवरून जातो, मुंबईत दुपारनंतर खंडग्रास दिसेल, ढग नसले तर. त्या दिवशी आपल्याकडे आषाढ अमावस्या आहे, दिव्यांची. सोमवार आहे, शाळा असेल. आयएसओ १२३१२-२ छापलेले ग्रहणचष्मे आधीच मागवून ठेवा, ऐन वेळी मिळत नाहीत, आणि पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडायची तयारी ठेवा म्हणजे चष्मे कमी पडले तरी सगळ्यांना बघता येईल.

---

माहीमची_लेक

चंद्रदर्शनाची तारीख ठरली की इथे टाका सर. अब्बा यायचं म्हणतायत, कुर्ला स्टेशनहून कुठली बस ते पण लिहा.